नववी जागा

बाळाजी गुरुजींनी कुत्र्याला पहिल्यांदा हात लावला तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, बायको गेल्यानंतरच्या चौथ्या दिवशी. सुतक होतं म्हणूनच लावला. एरवी हे घडलं नसतं.

त्यांच्या घराण्याची रामकुंडावर बसायची जागा चार पिढ्यांची. पहाटे साडेचारला अंघोळ, संध्या, आणि मग म्हसरूळहून स्कूटरवर बसून गंगेवर, म्हणजे रामकुंडाच्या घाटावर. कुणी अस्थी घेऊन आलेलं असे, कुणाचा दहावा, कुणाचं वर्षश्राद्ध. दुपारी एकला गुरुजी घरी येत, जेवत, आडवे होत आणि चारनंतर माणसात येत. चाळीस वर्षं हा क्रम ऊन-पावसात चुकला नव्हता. खानदेशातला कुठलाही यजमान समोर बसला की नामावळीची वही उघडून ते त्याला त्याच्या पणज्याचं नाव सांगत, पणजा कोणत्या साली आला होता, सोबत किती माणसं होती, हेही सांगत. यजमानाच्या डोळ्यांत पाणी यायचं. गुरुजींच्या येत नसे, त्यांचा तो धंदाच होता.

नामावळीचा त्यांच्या घरातला एक नियम होता. वडिलांनी तो गुरुजींना मुंजीच्या वयात शिकवला होता. जो गंगेवर येऊन समोर उभा राहिला, त्याचंच नाव ‘आले’ म्हणून लिहायचं. भाऊ यायचा होता पण गाडी चुकली, मुलगा परदेशात आहे पण मनाने इथेच आहे, असली नावं यजमान घालायला सांगतात. ती घालायची नाहीत. मनाने सगळेच येतात, वडील म्हणायचे, पायांनी कोण आलं ते लिही.

ठकी, म्हणजे ती कुत्री, या घरात गुरुजींच्या बायकोच्या, मालिनीबाईंच्या, हट्टाने आली. मालिनीबाई महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या, त्याच महिन्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. फंडातून एक चांगली दुर्बीण घेतली आणि कालव्याच्या कडेला सापडलेलं एक तांबूस पिल्लू घरी आणलं. गुरुजींनी त्या दिवशी जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण मालिनीबाईंनी ना मनधरणी केली, ना वाढलं, आणि तिसऱ्या प्रहरी त्यांना स्वतःच्या हाताने भात वाढून घ्यावा लागला. मग तह झाला. कुत्री मागचं अंगण सोडून घरात यायची नाही आणि गुरुजी त्या अंगणात जायचे नाहीत. सहा वर्षं दोन्ही बाजूंनी तो तह इमानाने पाळला. रोज पावणेसहाला मालिनीबाई गळ्यात दुर्बीण अडकवून, ठकीला घेऊन डोंगराकडे निघत. तेव्हा गुरुजी गंगेवर दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोच्या नावाने पाणी सोडत असत.

मालिनीबाई पौषात गेल्या. सकाळी फिरून आल्या, आंघोळ केली, केस पुसता पुसता पलंगावर बसल्या आणि तशाच कलंडल्या. विश्वेश, त्यांचा मुलगा, बापाच्या हाताखालीच तयार झालेला. त्याने गंगेवर फोन केला तेव्हा गुरुजींच्या हातात पिंड होता. घरी पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गुरुजी एकच वाक्य सांगत.

“एकदम गेली. काही त्रास नव्हता.”

ते वाक्य त्यांनी आयुष्यभर यजमानांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी मान डोलवून ‘पुण्यवान’ म्हटलं होतं. आता लोक त्यांच्यासमोर मान डोलवत होते. त्या वाक्याचा त्यांना खरोखर आधार वाटे. बुडत्याला काडीचा वाटतो तेवढा का होईना, वाटे.

सुतकात देवाला शिवायचं नाही आणि गंगेवर आपल्या जागी बसायचं नाही. चौथ्या दिवशी पहाटे गुरुजी सवयीने उठले आणि करण्यासारखं काहीच नाही म्हणून मागच्या दारात उभे राहिले. ठकी फाटकाशी बसली होती. तोंडात पट्टा. तीन दिवस तिने भाकरीला तोंड लावलं नव्हतं, हे सुनेने, आभाने, त्यांच्या कानावर घातलं होतं. गुरुजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग, आपण तरी सध्या कुठे शिवाशिवीचे उरलोय, असं मनाशी म्हणून त्यांनी तिच्या तोंडातून पट्टा घेतला.

ठकीने त्यांना ओढत नेलं. कॉलनी संपली, कालवा आला, द्राक्षांचे मांडव आले, मग झेंडू-शेवंतीचं एक वावर आणि त्याच्यावर बोडकी. बोडकी म्हणजे एक टेकाडच, दिंडोरी रस्त्यावरून जाताना कुणी मान वर करून बघणार नाही असं. वाटेत ठकी दर थोड्या वेळाने थांबे, खाली बसे, एकीकडे तोंड करून गप्प राही आणि मग आपणहून उठून चालू लागे. गुरुजींना वाटलं, उपाशी आहे, थकली असेल. दुसऱ्या दिवशी ती त्याच ठिकाणी थांबली. तिसऱ्या दिवशीही तसंच. कालव्याच्या पुलावर बाभळीकडे तोंड करून, मांडवाच्या कोपऱ्यावर तारेकडे तोंड करून, वावराच्या बांधावर चिंचेखाली. तेव्हा गुरुजींच्या लक्षात आलं की कुत्री दमलेली नाही. मालिनी जिथे जिथे पाखरं बघायला थांबायची, तिथे ती थांबते आहे.

ते बांधावरच मटकन बसले आणि रडले. घरात माणसं होती म्हणून रडायचं राहून गेलं होतं.

सुतक संपलं तरी गुरुजी सकाळी गंगेवर गेले नाहीत. जागेवर विश्वेश बसू लागला. घाटावर कुजबुज झाली की गुरुजींचं चित्त ठिकाणावर नाही, ते म्हणे कुत्रं घेऊन रानोमाळ फिरतात. ऐकणाऱ्याने हे थेट त्यांच्यापर्यंत पोचवलं, पोचवणारे असतातच. गुरुजी म्हणाले, खरं आहे.

मालिनीबाईंच्या कपाटात आभाला तीन वह्या सापडल्या. शाळेतल्या असतात तशा लांबट, रेघांच्या. तारीख, त्याखाली आकडा आणि आकड्यापुढे पक्ष्यांची नावं. गुरुजींनी वही घेऊन ठकीच्या मागून चालून पाहिलं आणि आकड्यांचा उलगडा झाला. एक म्हणजे कालव्याचा पूल, दोन म्हणजे मांडवाचा कोपरा. असे बारा थांबे. पुलावर धोबी आणि खंड्या, तारेवर वेडे राघू, चिंचेत तांबट, वावरात हुदहुद, उजाड माळावर टिटव्या आणि चंडोल. लोकांची शंभर-शंभर वर्षांपूर्वीची अक्षरं लावून वाचणारा माणूस आता बायकोचं अक्षर वाचत होता. ते इतकं सुबक आहे हे त्यांना चौसष्टाव्या वर्षी कळलं.

दुर्बीण धरता यायला त्यांना महिना लागला. आधी दोन काळी वर्तुळं आणि मध्ये स्वतःच्या पापण्या, एवढंच दिसे. मग एका सकाळी तारेवरचा खाटीक पक्षी अचानक समोर येऊन बसला, डोळ्यावरच्या काळ्या पट्टीसकट, आणि गुरुजींच्या तोंडून “अगं, हा बघ” निघून गेलं. ठकीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पुलापासून आठव्या थांब्यापर्यंत वहीतलं जवळजवळ सगळं गुरुजींनी बघून घेतलं. अडलं ते नवव्याशी.

नववी जागा बोडकीच्या पोटाशी होती. तिथे पाऊलवाट सपाट चालत येते आणि एका पायरीसारख्या खडकापाशी अचानक उभी चढू लागते. ठकी त्या खडकाशी बसे, समोरच्या काळ्या कातळाकडे तोंड करून, आणि बाकीच्या सगळ्या थांब्यांपेक्षा जास्त वेळ बसे. उठली की सरळ मागे फिरे. दहा, अकरा आणि बारा या जागा वहीत होत्या, पण ठकी काही केल्या तिथे नेत नसे.

वहीतही नववी जागा वेगळीच होती. सुरुवातीला तिथे साधी नावं होती, चीरक, गप्पीदास, क्वचित शिक्रा. मग, मालिनीबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षीच्या कार्तिकापासून, नावं बंद झाली होती आणि नुसता आकडा येऊ लागला होता. ‘९ – ५’. महिन्याभराने ‘९ – ८’. उन्हाळ्यात ‘९ – १५’, पुढच्या दिवाळीत ‘९ – ३०’. आणि गेल्या त्या दिवशीची, त्या शेवटच्या सकाळची, ‘९ – ४०’. जसजसा हा आकडा वाढत गेला तसतशा दहा, अकरा आणि बारा या जागा वहीतून विरळ होत गेल्या. शेवटचे सहा महिने त्या नव्हत्याच.

गुरुजींना अर्थ लावायला क्षणभरही लागला नाही. त्यांच्या घरच्या नामावळीत असंच लिहितात. आधी ठिकाण, मग आडवी रेघ, मग किती माणसं आली त्याचा आकडा. नवव्या जागी पाच आले, आठ आले, करता करता चाळीस आले. त्या कातळावर कुठल्या तरी पक्ष्यांनी वस्ती केली होती आणि ती वाढत होती. मालिनीला असं काही सापडलं होतं की पुढे डोंगर चढायची तिला गरजच उरली नव्हती.

शिवाय त्यांना पाडव्याची सकाळ आठवत होती. ती जायच्या दोन महिने आधीची. ओवाळून झाल्यावर मालिनी म्हणाली होती, “एक दिवस याल का माझ्याबरोबर? वरपर्यंत नको. नवव्या जागेपर्यंतच या.” गुरुजींना तेव्हा नववी जागा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. यजमान यायचेत, ते म्हणाले होते. यजमान कधी यायचे नसतात? ती बरं म्हणाली आणि तबक आत घेऊन गेली.

आता त्यांच्या मनाने एकच घेतलं. वर्षश्राद्धाच्या आत ते चाळीस पक्षी दिसले पाहिजेत. तिला त्यांना जे दाखवायचं होतं ते एकदा तरी डोळ्यांनी बघायचं, म्हणजे आपण गेलो नाही ही सल थोडी तरी बोथट होईल. आभा म्हणाली, कातळ आहे म्हणजे पाकोळ्या असतील, त्या थव्याने राहतात. गुरुजी रोज नवव्या जागी बसून कातळ न्याहाळत. पाकोळ्या दिसत, पण दोन, चार, फार तर सहा. चाळीस कधीच नाहीत. मार्गशीर्ष सरला तशी त्यांची समजूत होऊ लागली की ती गेली तसे तेही गेले. या विचाराने त्यांना इतकं वाईट वाटे की दुर्बीण डोळ्याला लावूनही काही दिसत नसे.

वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले होते. त्या सकाळी गुरुजी नवव्या जागी खडकावर बसले होते आणि ठकी शेजारी. एकाएकी ती उठली, कान टवकारले आणि खालच्या वावराकडे धावत सुटली. वर्षभरात ती अशी धावली नव्हती. गुरुजींनी वळून पाहिलं तर हातात पाण्याचा तांब्या घेऊन एक साठीची बाई बांधावरून वर येत होती आणि ठकी तिच्या पायांत घोटाळत होती.

ही साळूबाई. खालचं झेंडू-शेवंतीचं वावर तिचं. गुरुजींनी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्याला कारण होतं. मालिनीबाई गेल्या त्याच सुमारास तिची सून शुभांगी बाळंत झाली आणि पहाटे फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजारात बसायचं काम साळूबाईवर पडलं. गुरुजी डोंगरावर येत तेव्हा ती बाजारात असे. आता नातू पावलं टाकायला लागला, सून पुन्हा बाजाराला जाऊ लागली आणि साळूबाई वावरात परत आली होती. खालून तिने ठकीला ओळखलं आणि जुन्या सवयीने तांब्या भरून निघाली.

ठकीला कुरवाळत ती वर आली आणि गुरुजींना पाहून थबकली.

“बाई कुठंय?” तिने विचारलं. “मला वाटलं बाई आल्या.”

गुरुजींनी आपण कोण ते सांगितलं. मग रोजच्यासारखं ते वाक्यही सांगितलं. मागच्या पौषात गेली, एकदम गेली, काही त्रास नव्हता.

साळूबाई खाली बसली. तिने पदर तोंडाशी नेला. गुरुजीच मग तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, की शेवटपर्यंत इथे यायची, इथले पक्षी तिला फार आवडायचे, रोज मोजून वहीत लिहायची. चाळीसपर्यंत मोजले होते. तुम्ही इथल्याच आहात, तुम्हाला ठाऊक असेल, कुठले पक्षी होते?

साळूबाईने पदर खाली घेतला.

“हितं कसली पाखरं, बाबा? बाई हितं पाखरं नव्हत्या बघत. बाई हितं दम खात होत्या.”

गुरुजींना कळलं नाही. निदान पहिल्या क्षणी तरी नाही.

“वर चढवत नव्हतं त्यांना,” साळूबाई सांगू लागली. “ह्या दगडापस्तोर यायच्या अन् छातीला हात लावून बसायच्या. पार पांढऱ्या पडायच्या. आधी पाच मिनिटं बसल्या का बरं वाटायचं. मग दहा, मग पंधरा. मी खालून बघायचे, पाणी आणून द्यायचे. घड्याळ लावून बसायच्या अन् किती टाइम लागला ते वहीत लिहायच्या. मास्तरीण होत्या ना. शेवटी शेवटी तर लय वेळ लागायचा. मी म्हणायचे, बाई, घरी सांगा, डॉक्टरला दाखवा. तर म्हणायच्या, सांगितलं का डोंगर बंद करतील.”

मग कातळावरून दोन पाकोळ्या निघाल्या आणि वळून पुन्हा आत गेल्या. गुरुजींनी त्या पाहिल्या. चौदा महिने. त्यांनी मनातल्या मनात कार्तिकापासून बोटं मोजली आणि चौदाच आली. जिन्याच्या वळणावर ती उगाच थांबून खिडकीबाहेर बघायची. गुडघ्यांचं निमित्त सांगून तिने पलंग खालच्या खोलीत आणवला होता. रात्री दोन उशा घ्यायची. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि त्यातलं काहीही त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि पाडव्याला ती म्हणाली होती, वरपर्यंत नको. तिला पक्षी दाखवायचे नव्हते. इथवर आणून, या खडकावर बसून, त्यांना सांगायचं होतं.

“माझ्याबद्दल काही बोलायची का?” त्यांनी विचारलं.

साळूबाई ठकीच्या कानामागे खाजवत राहिली. गुरुजींनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “राग नका धरू, बाबा. मी एकदा इचारलं होतं, मालक कधी येत नाय का म्हणून. तर हसल्या. म्हणल्या, त्यांचं सकाळचं काम गेलेल्या माणसांचं असतं. जित्यांचं ते दुपारनंतर बघतात.”

तिने तांब्या पुढे केला. वर्षानुवर्षं सोवळं सांभाळलेले गुरुजी ते पाणी घटाघटा प्यायले. साळूबाई निघून गेली तरी ते उठले नाहीत. ठकी नेहमीच्या वेळेला उठली, मागे फिरली, चार पावलं गेली आणि ते येत नाहीत असं बघून परत येऊन बसली. गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळात बघून चाळीस मिनिटं मोजली. चाळीस मिनिटं फार मोठी असतात. दम लागलेल्या माणसाला, उघड्या डोंगरात, एकट्याने, ती किती मोठी असतील, याचा विचार ते करत बसले आणि त्यांना कशाचाच आधार उरला नाही.

घरी येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. तीन दिवस फिरायला मात्र गेले, नवव्या जागेपर्यंत.

वर्षश्राद्ध घरीच झालं. मंत्र सांगायला विश्वेश होता आणि विधी करायलाही विश्वेशच. तो सव्य-अपसव्य स्वतःच स्वतःला सांगत, अदबीने आणि घाईघाईने, सगळं नीट करत होता. गुरुजी सोवळं नेसून बाजूच्या पाटावर बसले होते. शाळेतल्या दोन जुन्या शिक्षिका आल्या होत्या, मालिनीबाईंबरोबर शिकवणाऱ्या. पानं मांडेपर्यंत त्या आभाशी हलक्या आवाजात बोलत होत्या. इतकी हिंडतीफिरती बाई, एकाएकी कशी काय गेली, त्यातल्या एकीने विचारलं. विश्वेशने दर्भ खाली ठेवता ठेवता, वडिलांचं पाठ झालेलं वाक्य सवयीने म्हटलं. आई एकदम गेली, काही त्रास नव्हता.

“त्रास होता,” गुरुजी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“चौदा महिने त्रास होता. तिने तो रोज लिहून ठेवला होता. मला माहीत नव्हतं, कारण मी तिथे नव्हतो.”

आभाने हातातलं भांडं जमिनीवर ठेवलं. कुणी समजूत घालायला पुढे झालं नाही हे बरं झालं. समजूत घालण्याचा धंदा करणाऱ्या माणसाची समजूत कोण आणि कशाने घालणार?

नैवेद्य दाखवल्यावर गाईचं, कावळ्याचं आणि कुत्र्याचं पान निघतं. दर श्राद्धाला कुत्र्याचं पान कोपऱ्यावरच्या कुठल्याशा कुत्र्याला जात असे आणि ते विश्वेशच नेऊन ठेवी. या वेळी गुरुजींनी पान स्वतः उचललं आणि मागच्या अंगणात उतरले. बाबा, सोवळ्यात आहात, विश्वेश दारातून म्हणाला. गुरुजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ठकीसमोर पान ठेवून ते तिथेच जमिनीवर बसले आणि ती खात असताना तिच्या पाठीवर हात ठेवून राहिले. बाकी कुणी नव्हतं तेव्हा ही मालिनीसोबत होती.

पाहुणे गेल्यावर, दुपारच्या उन्हात, गुरुजींनी मालिनीबाईंची तिसरी वही मागवली. आभाने पेनही आणून दिलं. शेवटची नोंद त्यांनी काढली. तारीख, आणि त्याखाली तिच्या सुबक अक्षरात, ‘९ – ४०’. पुढची सगळी पानं कोरी होती. नामावळीतला लेख असा अर्धा सोडत नाहीत. कोण आलं, कधी आलं, एवढ्याने तो पुरा होत नाही, सोबत कोण होतं तेही शेवटी लिहावं लागतं. गुरुजींनी त्या आकड्यापुढे, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सोबत – ठकी’. मग पुढे लिहिलं, ‘साळूबाई’. मागच्या पौषात ती अजून वावरातच होती, हे त्यांनी तिच्याकडून विचारून घेतलं होतं.

आभा शेजारी उभी राहून बघत होती. बाबा, तुमचंही नाव लिहा ना, ती म्हणाली, तुम्ही वर्षभर रोज जाताय.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं.

“त्या दिवशी पायांनी आला त्याचंच नाव लिहायचं असतं,” ते म्हणाले, आणि वही मिटून त्यांनी तिच्या हातात दिली.